स्पीकरवर शालू नको, सुती लुगडं चालेल



गाडीतल्या स्पीकरच्या जाळीवर आपल्या पसंतीचं कापड लावून घ्यायची सध्या हौस आली आहे. आमच्या नात्यागोत्यात वर्षभरात अशा तीन गाड्या पाहिल्या. एकीत दाराच्या स्पीकरवर पैठणीचा पदर ताणून बसवलेला, दुसरीत बनारसी ब्रोकेड, तिसरीत मरून मखमल आणि तिच्या कडेने सोनेरी लेस. दिसायला छान दिसतं, नाही कशाला म्हणू? कंपनीची ती करड्या प्लॅस्टिकची जाळी म्हणजे धूळ खाणारं चाळणीचं तोंड. तिच्या जागी आपल्या हाताने निवडलेला कापडाचा तुकडा असला की गाडीत बसल्यावर बरं वाटतं. हौसेला माझी हरकत नाही. मी स्वतः दोन गाड्यांच्या जाळ्यांना कापड लावून दिलं आहे.

माझी हरकत रेशमाला आहे. आपल्या घरच्या गाडीत स्पीकरवर रेशीम लावू नये, कपाटातला जुना शालू कापून तर मुळीच लावू नये, असं माझं मत आहे. एक तर ते आवाजाला मारक आहे, आणि दुसरं म्हणजे आपल्या घराच्या रीतीत ते बसत नाही. पहिली गोष्ट पाच मिनिटांत कोणीही तपासून पाहावी. दुसरीवर मात्र वाद होतो. आमच्या घरात झाला, आणि अजून पुरता मिटलेला नाही.

आधी एक सांगते. गाडीच्या आत काय लागतं हा विषय आपण बायकांनी उगाच पुरुषांवर सोडून दिला आहे. घरात पाणी गाळून घेतो, साबणाचं वेष्टन उलटून वाचतो, चपला-पर्स घेताना चामडं नाही ना हे दुकानदाराला तीनदा विचारतो. आणि गाडी आली की सीट कव्हर, स्टिअरिंगचं कव्हर, पायपुसणी हे सगळं पुरुष मंडळी दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या ठरवून येतात. आम्ही आष्टीकर त्यासाठी अमरावती नाहीतर नागपूर गाठतो. तिथे दुकानदार नमुन्यांची चोपडी पुढे टाकतो, 'हे प्रीमियम आहे, हे सगळे लावतात' म्हणतो, आणि काम होतं. प्रीमियम म्हणजे कशाचं, हे कोणी विचारत नाही. याच गाडीतून आपण मुक्तागिरीला जातो, भातकुलीला जातो, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जातो. वाटेत त्याच स्पीकरवर णमोकार लावतो. तेव्हा त्या स्पीकरवर काय चढवलं आहे याची चौकशी आपण करायची नाही तर कोणी करायची?

आता आवाजाचं. स्पीकरवर कापड ही काही नवी गोष्ट नाही. माझ्या माहेरी मर्फीचा रेडिओ होता, लाकडी पेटीचा. त्याच्या तोंडावर कापडच होतं, जाडसर धाग्याचं पण विरळ विणीचं, बोटाने दाबलं तर आत लवणारं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं आणि विविध भारती १९५७ साली. आपल्या आया-आज्यांनी ती सगळी गाणी, शेतीची माहिती, बातम्या कापडाच्या आडूनच ऐकल्या. त्यावर आणखी एक कापड असायचं, आईने क्रोशाने विणलेलं झाकण. पण रेडिओ लावायचा झाला की आई ते झाकण समोरून वर उचलून ठेवायची. नुसत्या धुळीसाठी घालायचं झाकण कोणतं आणि आवाज ज्यातून यायचा आहे ते कापड कोणतं, हा फरक तिला कोणी शिकवला नव्हता. आताच्या हौशी मंडळींचा नेमका तोच फरक सुटतो. फ्रीजवर, टीव्हीवर, मिक्सरवर कव्हर घालायची आपल्याला सवय, म्हणून स्पीकरलाही कव्हर. पण फ्रीजला काही बोलायचं नसतं.

स्पीकरमधला पडदा पुढेमागे हलतो, हवा ढकलतो, आणि ती हलणारी हवा आपल्या कानापर्यंत येते. कापडातून हवा गेली तर आवाज जाईल, हवा अडली तर आवाज अडेल. एवढंच गणित. त्यात एक गोम आहे. जाड, खालचा आवाज कशातूनही निघून येतो. रात्री गावात लांब कुठे वरातीचा डीजे वाजत असला तर दारं-खिडक्या लावल्या तरी ढोलाचा दणका येतोच, गाण्याचे शब्द मात्र कळत नाहीत. घट्ट कापड स्पीकरवर तेच करतं. ठेका राहतो, शब्दांची धार जाते. 'स', 'श', 'च', 'त' ही अक्षरं बारीक, उंच आवाजात असतात आणि तीच आधी मरतात. म्हणूनच दारातल्या मोठ्या स्पीकरपेक्षा वरच्या कोपऱ्यातला छोटा ट्विटर कापडाला जास्त नाजूक. गाण्यात एक वेळ चालून जाईल. पण स्तोत्र किंवा प्रवचन लावलं आणि शब्दच गुळगुळीत ऐकू आले, तर काय ऐकलं?

मखमलीचा आणि भरजरी ब्रोकेडचा दोष हाच. मखमलीला पाठीमागे घट्ट वीण आणि वर लव, दोन्हीकडून हवा अडते. ब्रोकेडमध्ये जरीचे धागे पाठीमागे तरंगत असतात, वीण दाट असते, शिवाय एखादा सुटा जरीचा धागा जाळीवर टेकला की मोठ्या आवाजात किरकिर सुरू होते. मग गाडीचे मालक स्पीकर खराब झाला म्हणून कंपनीकडे जातात. पैठणीच्या अंगाचं कापड त्यातल्या त्यात बरं, पण आपण लावतो तो पदर, आणि पदर म्हणजे सगळ्यात दाट भाग.

तपासायची रीत सोपी आहे. कापड तोंडासमोर एकेरी ताणून धरा आणि फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या तळहाताला फुंकर स्पष्ट लागली तर कापड चालेल. फुंकर गालातच अडकली तर राहू द्या. दुसरी परीक्षा म्हणजे मोबाइलवर कोणाचं तरी बोलणं लावा, गाणं नको, आणि मुलीला सांगा की डोळे मिटलेल्या तुमच्या समोर कधी कापड मोबाइलवर धर, कधी काढ. तुम्हाला ओळखता आलं नाही, तर कापड पास. घरातल्या कापडांवर मी हे सगळं करून पाहिलं आहे. मलमल, वायल, पातळ खादी, जुनं मऊ झालेलं सुती लुगडं, जाळीची ओढणी, पातळ जॉर्जेट, सगळी पास. पोपलीन जेमतेम. बेडशीटचं जाड कापड, कॅनव्हास, रेग्झीन, मखमल, ब्रोकेड नापास.

इथवर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत होतं. पुतण्याने नवी गाडी घेतली, तिच्यासाठी कापड निवडताना रेशमाचा विषय निघाला आणि थोरल्या जाऊबाईंनी मला अडवलं. त्यांच्याकडे सासूबाईंचा शालू आहे, पन्नास वर्षांचा, आता घड्यांवर विरलेला. त्याची जरीची बाजू सोडून अंगाचं कापड काढलं तर फुंकर आरपार जाते. त्या म्हणाल्या, "अगं, हा शालू आता कोणी नेसणार नाही. त्यातले जीव गेले ते माझ्या लग्नाआधी गेले. मी नवं रेशीम विकत आणत नाही. कपाटात पडून पडून त्याला कसर लागणार, मग ती झटकताना जीव मरतील ते वेगळेच. असलेलं वापरायचं सोडून नवं सुती कापड आणायचं, यात कसला अपरिग्रह?"

मैत्रिणींनो, हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मी चार दिवस त्यावर विचार केला. आपल्यातल्या निम्म्याहून जास्त कपाटांत असा एखादा शालू, एखादी पैठणी, एखादा कोसा आहेच, माझ्याही आहे. रेशीम कसं निघतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. कोशातून पतंग बाहेर पडला तर तो कोश फोडतो आणि धागा तुटतो. धागा अखंड हवा, आणि एका कोशात तो काही शे मीटरपासून हजारभर मीटरपर्यंत भरतो, म्हणून आतला जीव वाफेने किंवा उष्णतेने आधीच मारतात. किलोभर रेशमाला असे काही हजार कोश लागतात. अळी मरणं हा तिथे अपघात नाही, ती त्या कामाची पायरीच आहे. म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणींनी रेशीम सोडलं आहे, कितीतरी जणी अजून लग्नकार्याला नेसतात. पूजेच्या शुद्ध वस्त्रांतही कुठे चालतं, कुठे चालत नाही. हा वाद मी इथे सोडवायला बसलेली नाही.

पण जाऊबाईंच्या मुद्द्याला माझं उत्तर असं. शालू शालू म्हणून राहिला, तर तो घरातल्या एखाद्या मुलीच्या अंगावर जाऊ शकतो. विरलेला असला तरी खालून सुती अस्तर लावून, पदर-काठ दुसऱ्या सुती साडीवर चढवून ते करणारे कारागीर आहेत. नातीने लग्नात आजीचा शालू नेसला तर तिच्यासाठी नवा शालू घ्यावा लागत नाही, म्हणजे पुढचे हजारो जीव खरोखर वाचतात. तोच शालू कापून गाडीच्या चार स्पीकरवर लावला तर एकही जीव वाचत नाही. उलट गाडीत बसणारा प्रत्येक जण विचारतो, 'वा, कुठून करून घेतलं?' विचारणाऱ्याकडे पन्नास वर्षांचा शालू असतोच असं नाही. तो दुकानात जाऊन मीटरवर नवं रेशीम घेतो. आपण एका जुन्या कापडाचा उपयोग केला असं समजतो आणि दहा नव्या कापडांची जाहिरात करून ठेवतो. ज्या हिंसेची गरजच नव्हती ती नुसत्या शोभेसाठी ओढवून घेणं, याला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात. अन्न शिजवल्याशिवाय चालत नाही, शेती केल्याशिवाय चालत नाही. स्पीकरवर रेशीम नसल्याने कोणाचं काही अडतं का?

आणि ज्यांना हे धर्माचं बोलणं जड वाटतं त्यांनी निदान उन्हाचा विचार करावा. रेशमाला ऊन अजिबात सोसत नाही. आधी पिवळं पडतं, मग धागा ठिसूळ होतो. मे महिन्यात आपल्या विदर्भात बाहेरच पंचेचाळीसच्या वर पारा जातो, बंद गाडीच्या काचेआड किती होत असेल ते शेतावर गाडी उभी करून परत येणाऱ्यांनी आठवावं. सासूबाईंचा शालू पन्नास वर्षं टिकला तो अंधाऱ्या कपाटात. दाराच्या काचेखाली तो दोन उन्हाळे काढणार नाही.

कोशाचं एक राहिलं. 'कोसा तर रानातला, तो चालतो' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. भंडारा, गडचिरोलीकडचा टसर रानातल्या झाडांवर वाढतो हे खरं, पण रानात वाढला म्हणून आतला जीव वाचला असं होत नाही. साधारणपणे तोही कोश उकळतातच. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशाचं सूत काढून 'अहिंसा सिल्क' केलं, तो प्रयत्न आदराचा आहे. ज्यांना लग्नाला रेशीम हवंच त्यांनी तिकडे वळावं. स्पीकरसाठी इतकं महाग कापड फाडायचं, हे मात्र मला पटत नाही.

बाजारात 'सिल्क' म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं मुळात पॉलिस्टर असतं, हेही लक्षात ठेवा. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर रेशीम किंवा लोकर. वितळून काळा टणक मणी झाला तर पॉलिस्टर. कागद जळल्यासारखा वास आणि करडी हलकी राख म्हणजे सुती. हिरवा ठिपका खाण्याच्या पाकिटावर असतो, कापडावर नसतो. तिथे आपलं नाक हाच ठिपका. याच कारणासाठी स्टिअरिंगच्या कव्हरबद्दलही नीट विचारा. साध्या गाड्यांत सीटला लेदर म्हणतात ते बहुधा कृत्रिम असतं, पण वरच्या मॉडेलमध्ये स्टिअरिंगला खरं चामडं गुंडाळलेलं असू शकतं.

मग लावायचं काय? माझं उत्तर सुती, तेही शक्यतो घरातलं जुनं. आपण कापसाच्या जिल्ह्यात राहतो. हिंगणघाटच्या कापसाचं नाव पूर्वी लांबच्या बाजारांत होतं. वर्ध्यात १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय आजही आहे, तिथे नैसर्गिक रंगांची खादी मिळते. हाताने काततात-विणतात ती पातळ खादी स्पीकरसाठी उत्तम, कारण तिची वीण मोकळी असते. इथला कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि पॉलिस्टरचं ब्रोकेड होऊन आपल्याच गाडीवर चढायला येतं ही गंमत मला तरी रुचत नाही. आमच्या आष्टीच्या नावापुढे बेचाळीसच्या १६ ऑगस्टपासून 'शहीद' लागतं. त्या पिढीला खादीचं मोल आपण काय समजावणार!

पण सुतीचा झेंडा घेऊन मी उभी राहिले की पुतण्याने बरोबर बोट ठेवलं. तो शेती बघतो. म्हणाला, "काकू, कपाशीवर बोंडअळी येते तेव्हा आपण काय करतो ते तुम्ही पाहिलं आहे ना?" पाहिलं आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा तर अळ्यांची गोष्टच बाजूला राहिली, माणसं गेली. कापूस पांढरा आहे म्हणून निष्पाप आहे असं मी म्हणू शकत नाही. आपल्याकडे संकल्पी हिंसा वेगळी आणि आरंभी-उद्योगी हिंसा वेगळी मानतात. पीक राखताना होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, पण ती कमी करायचं बंधन त्याच्यावर आहेच. कापूस अळी न मारता पिकवता येतो, सेंद्रिय पिकवणारे आपल्याच भागात आहेत. अखंड धाग्याचं रेशीम मात्र तो जीव मारल्याशिवाय निघत नाही. एवढा फरक मला पुरतो, तुम्हाला पुरेल का ते तुम्ही बघा. म्हणूनच मी नवं सुती घ्या असं म्हणत नाही, जुनं घ्या म्हणते. दोन दारांच्या स्पीकरला अर्धा मीटर कापड पुष्कळ होतं. तेवढं घरात नाही असं घर मला दाखवा.

जुनं सुती वापरताना त्याचे दोष सांभाळायला हवेत. सुती कापड दमट हवेत ओल धरतं आणि सैल पडतं, म्हणूनच कंपन्या स्पीकरला पॉलिस्टरची ताणली जाणारी वीण वापरतात. तेव्हा कापड आधी दोनदा धुऊन, आटवून, इस्त्री करून घ्या. रंग जातो का ते पांढऱ्या रुमालावर ओलं घासून पाहा, नाहीतर पावसाळ्यात दाराच्या पॅडवर निळे ओघळ येतील. उभ्या-आडव्या धाग्याला सरळ ठेवून कापा, उरेबात कापू नका, एका बाजूने झोळ येतो.

बसवण्याची माझी पद्धत अशी. जाळी निघत असेल तरच काढायची. बऱ्याच नव्या गाड्यांत जाळी दाराच्या पॅडमध्येच ओतलेली असते, ती उचकटायला गेलात तर पॅड तडकतं. अशा वेळी प्लॅस्टिकची बारीक जाळी, भरतकामाच्या दुकानात कॅनव्हास म्हणून मिळते ती, स्पीकरच्या आकाराची कापायची, तिच्यावर कापड ताणून मागच्या बाजूला दुमडून शिवायचं किंवा चिकटवायचं, आणि कडेला चार ठिकाणी वेल्क्रो लावून वरून बसवायचं. डिंक फक्त मागच्या काठाला. जाळीच्या भोकांवर डिंक पसरला की तिथे कापड कडक होतं आणि आवाज अडतो. डिंकाचंही विचारून घ्या. पूर्वी सुतार सरस वापरायचे, तो जनावरांच्या हाडांचा आणि कातड्याचा. १९५९ साली फेव्हिकॉल आलं आणि त्याने सरसाची जागा घेतली, आपल्यासारख्यांच्या दृष्टीने ती मोठीच सोय झाली. गाडीच्या कामाला उन्हात न सुटणारा कृत्रिम रबराचा चिकट लागतो. त्याचा वास डोक्यात जातो आणि तो पटकन पेट घेतो, म्हणून अंगणात लावा, देवघरातल्या दिव्याजवळ नको.

वेल्क्रो मी मुद्दाम सांगते, कारण कव्हर निघायला हवं. आपल्याकडची धूळ, कापसाच्या हंगामातला तुसाचा कचरा, पावसाळ्यातली ओल हे सगळं कापडात बसतं आणि मग त्यात बारीक जीव होतात. कायमचं चिकटवलेलं कापड झटकता येत नाही, वाळवता येत नाही. चातुर्मासाआधी एकदा आणि दिवाळीला एकदा काढून, हलक्या हाताने झटकून, धुऊन परत लावायचं. जयणा फक्त स्वयंपाकघरात पाळायची असं कुठे आहे?

दोन ठिकाणी मात्र हात लावू नका. समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर ट्विटर असेल आणि त्या खांबावर एअरबॅगची खूण असेल, तर तिथे कापड, लेस, डिंक काही नको. पडद्यासारखी एअरबॅग त्याच्या मागून उघडते. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर साधी सीट कव्हरंही तिथे घातक, पण तो वेगळा विषय. दुसरं, आगीचं. गाडीच्या आतलं कापड किती वेगाने जळावं याला नियम आहेत. अमेरिकेत १९७२ पासून मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने ज्वाळ पसरता कामा नये असं बंधन आहे, आपल्याकडेही त्याच धर्तीचं मानक आहे. आपलं घरचं लुगडं अशी परीक्षा देऊन आलेलं नसतं, आणि सुती पटकन पेटतं. तेव्हा स्पीकरएवढाच तुकडा लावा, अख्खं दार मढवू नका, आणि नव्या गाडीची पूजा करताना डॅशबोर्डवर उदबत्ती खोचायची सवय असेल तर ती कृपा करून गाडीबाहेर लावा.

पुतण्याच्या गाडीला शेवटी माझ्या आईच्या निळ्या सुती लुगड्याचं कापड लागलं, फक्त पुढच्या दोन दारांना. मागच्या जाळ्या ओतीव आहेत, तिथे तो कॅनव्हास जाड दिसतो म्हणून त्याने नको म्हटलं. जाऊबाईंनी शालू कापला नाही, पण माझं ऐकून नाही. त्यांच्या मते मी एका कापडावरून फार लांबण लावते. धाकट्या नातीच्या लग्नापर्यंत ठेवू, मग बघू, असं म्हणून त्यांनी तो जुन्या सुती धोतरात गुंडाळून परत ठेवला आहे. घड्या मोडून दर सहा महिन्यांनी उलट्या घालायचं काम माझ्याकडे आलं आहे. लुगड्याचा उरलेला तुकडा मीही जपून ठेवला आहे, दोन उन्हाळ्यांनी जाळीवरचा रंग उडेल तेव्हा बदलायला.